पाण्याकाठच्या चपला

२०१८ सालच्या फेब्रुवारीत केदारखेड्याच्या मालनबाई नवऱ्यासोबत, साहेबरावांसोबत, अंदमानला गेल्या. नात अक्षताही बरोबर होती. एका सकाळी गाईडने सगळ्यांना होडीने छोट्या बेटावर नेलं आणि नारळाच्या बागा दाखवल्या. परत निघताना माणसं मोजली, तर साहेबराव नव्हते.

मालनबाई किनाऱ्याकडे धावल्या. अगदी पाण्याच्या काठाला साहेबरावांच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या. साहेबरावांना पोहता येत नव्हतं. गाईड कपड्यांनिशी पाण्यात शिरला.

तेवढ्यात माडांमागून साहेबराव अनवाणीच आले, खोबरं चघळत.

"कुठं गेल्ता?" मालनबाईंनी विचारलं.

"तिकडं ते लोक खोबरं वाळत घालून राह्यले. बराबर आपलं खळंच. खळ्यात चपला घालून जातं का कोणी?"

"मंग खळ्यापाशी काढायच्या."

"आधी समुद्राच्या पाया पडलो न्हाई का? घालायच्या अन् परत काढायच्या, कशाला?"

"आबा, आजीचा जीव गेल्ता," अक्षता म्हणाली.

मालनबाईंनी त्यांचा हात धरला, तो होडी धक्क्याला लागेपर्यंत सोडला नाही. गावात चारचौघांत त्यांनी असा हात कधी धरला नव्हता.

अक्षता पुढे जालन्याला शिक्षिका झाली. गाईडने स्वतःची होडी घेतली. दिवाळीला त्याचा फोन येतो. साहेबराव दोन वर्षांपूर्वी गेले, ते आपल्या घरात, आपल्या माणसांत. मालनबाईंना आजही त्याचंच मोठं समाधान वाटतं.