अणुबॉम्बविरुद्धचे हात

शांततेचं आन् माणसाच्या हक्काचं काम करणाऱ्या संस्थेची ताई पाटोद्याहून आमच्या वस्तीवर आली, तवाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मांडव कुणी टाकला? आमाला ऊसतोडीला नेणाऱ्या भागवत मुकादमानं! हा माणूस फुकट घोटभर पाणी पाजायचा न्हाई.

"अणुबॉम्ब नको असंल त्यांनी हात वर करा," ताई म्हणाली.

सगळ्या बाया मुकादमाकडं बघत बसल्या. त्यानं मान हलवली, तसे भराभर हात वर गेले. ताई लई खूश झाली. फोटो काढले.

माझं डोकंच फिरलं. मी उठून म्हणाले, "ताई, आता इचारा, मुकादमाला कोण भीत न्हाई?"

ताईनं हसत इचारलं. मुकादमानं माझ्याकडं बघितलं.

माझाबी हात वर गेला न्हाई.