धुलाईखात्यातलं वाक्य

बाईंच्या नोकरीची एकतीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं टाइप करण्यात गेली होती. इस्पितळाच्या कार्यालयात कुणाची चौकशी लागली, की जबाब घ्यायला त्यांना बोलावणं यायचं. त्या खोलीत स्वतःचं असं एक वाक्यही त्यांना बोलावं लागत नसे. समोरचा माणूस बोलायचा, साहेब त्याचं बोलणं कार्यालयीन भाषेत घोळवून सांगायचे आणि बाई ते कागदावर उतरवायच्या. माणूस म्हणायचा, "मी म्हटलं, जा बाबा आता घरी." कागदावर यायचं, 'मी त्यास घरी जाण्यास सांगितले.' सुरुवातीला बाईंना याचं हसू यायचं. मग काही वर्षं चीड यायची. आता यातलं काहीच येत नव्हतं, खांदे तेवढे दुखायचे.

या वेळची चौकशी एका वाक्याची होती.

धुलाईखात्यात मोठ्या मशीनवर काम करणारे एक गृहस्थ होते. सगळे त्यांना दादा म्हणत. बावीस वर्षं मशीनच्या घरघरीत काढल्यामुळे त्यांचे कान अर्धे गेले होते, आणि आवाज दुप्पट झाला होता. साधं 'बसा' म्हणाले तरी नवा माणूस दचकायचा. महिन्यापूर्वी तीनपैकी दोन मशीनं एकदम बंद पडली. वॉर्डात चादरी पोचेनात, तेव्हा मेट्रन स्वतः जिना उतरून खाली आल्या. तिथे दादा त्यांना काहीतरी बोलले. काय बोलले, तिथेच घोडं अडलं होतं.

मेट्रनच्या तक्रारीत होतं, 'तुमच्या चादरी तुम्हीच धुवा.' इस्तरीवालीने सांगितलं, "नाही हो, ते म्हणाले, आता काय तुम्ही धुणार का?" कपड्यांची गाडी ढकलणारा म्हणाला, "हाताने धुवायच्या का, असं विचारलं त्यांनी. बिचाऱ्यांनी खरंच विचारलं." भांडारातला कारकून त्या दिवशी तिथे नव्हताच, पण सगळ्यात ठणकावून तोच बोलला. त्याच्या म्हणण्यानुसार दादा म्हणाले होते, "धुवायच्या तर धुवा, नाहीतर तशाच पांघरा." हे त्याला इस्तरीवालीच्या जावेने सांगितलं म्हणे.

बाईंनी चौघांचं चार तऱ्हेने टाइप केलं. साहेबांनी डोळे चोळले. माणूस वाईट नव्हते ते. अशा सात फायली त्यांच्या टेबलावर होत्या आणि शुक्रवारपर्यंत सगळ्या वर पाठवायच्या होत्या.

शेवटी दादांना आत बोलावलं. ते खुर्चीच्या कडेवर बसले. हात पाण्याने पांढरे पडलेले, बोटांच्या टोकांना भेगा. साहेबांनी तक्रार वाचून दाखवली, मग पुन्हा मोठ्याने वाचली.

"असं म्हणालात का तुम्ही?"

दादा म्हणाले, "आठवत नाही साहेब. पण सगळे म्हणतायत तर म्हटलं असेल. लिहा तुम्ही. एकदाचं मिटू दे."

साहेबांना हायसं वाटलं. ते सांगू लागले, "लिहा. मी मेट्रन यांना, तुमच्या चादरी तुम्हीच धुवा, असे उद्धटपणे म्हणालो, हे मला मान्य आहे."

बाईंची बोटं 'मेट्रन यांना'पर्यंत गेली आणि थांबली.

'म्हटलं असेल.' हे दोन शब्द बाईंना चांगले माहीत होते. नऊ वर्षांपूर्वी सासरे आजारी होते, तेव्हा आठवडाभर त्या एकट्याच त्यांच्या उशाशी होत्या. त्या धांदलीत धाकट्या जाऊबाईंना कुणीतरी सांगितलं, की मोठी म्हणाली, इथे येऊन गर्दी करू नका. नणंदेने फोन करून विचारलं, "वहिनी, तू असं म्हणालीस?" बाईंना तेव्हा धड उभंही राहवत नव्हतं. त्या म्हणाल्या, "म्हटलं असेन गं. सोड ना आता." झालं. त्या दिवसापासून ते वाक्य बाईंच्या नावावर पक्कं झालं. मोठीने स्वतः कबूल केलंय, असं सगळीकडे सांगितलं गेलं. पुढे पुतण्याचं लग्न झालं, तेही बाईंना शेजाऱ्यांकडून कळलं.

"बाई?" साहेब म्हणाले. "राहिलं का काही?"

"साहेब, हे अवतरणात घालू?"

"काय अवतरणात?"

"चादरींचं वाक्य. चिन्हांत घालायचं, की नुसतं तशा अर्थाचं बोललो असं लिहायचं?"

"घाला की चिन्हांत. तक्रारीत तसंच आहे."

"तक्रारीत मेट्रन सांगतायत. इथे हे स्वतः सांगतायत. चिन्हांत घातलं की हे यांचेच शब्द झाले, अक्षरन् अक्षर."

"अहो, आत्ताच हो म्हणाले ना ते?"

"म्हटलं असेल, म्हणाले. म्हटलं, असं नाही म्हणाले."

साहेबांनी मान वर करून बाईंकडे पाहिलं. त्या खोलीत एकतीस वर्षांत बाई मध्ये बोलल्या नव्हत्या.

बाईंना काम शिकवणारे एक जुने मुख्य टंकलेखक होते. ते सांगायचे, की पूर्वीच्या हाताने लिहिलेल्या कागदांत अशी चिन्हंच नसत. 'अमका असे बोलिला' एवढं लिहायचे, मग बोलणाऱ्याचं कुठे संपलं आणि लिहिणाऱ्याचं कुठे सुरू झालं, ते वाचणाऱ्याने ताडायचं. ही चिन्हं पुढे छापखान्यांनी रुळवली. "हे कुंपण आहे," ते म्हणायचे. "आत त्याचं, बाहेर तुझं. आत आपलं एक रोपटंही लावायचं नाही." बाईंनी तेव्हा नुसती मान हलवली होती. पुढे कितीतरी कुंपणांत त्यांनी साहेबांनी सांगितलेली रोपटी निमूटपणे लावली.

त्या उठल्या, खुर्ची दादांजवळ ओढली आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "दादा, मिटवण्यासाठी हो म्हणू नका. मिटत नाही त्याने. आठवतंय तेवढंच सांगा."

दादा त्यांच्याकडे वळले. मग म्हणाले, "त्या दिवशी कपडे ओलेगच्च निघत होते. हाताने पिळून पिळून खांदे गेले होते. मेट्रन आल्या, काही बोलल्या, मला नीट ऐकू आलं नाही. मी ओरडलो असेन. मी ओरडतोच. शब्द नाही आठवत, शपथेवर."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. घड्याळाकडे पाहिलं. "ठीक आहे. खोडा ते. लिहा, मला नेमके शब्द आठवत नाहीत. माझा आवाज चढला असावा."

बाईंनी लिहिलं. मग नेहमीप्रमाणे खाली लिहिलं, 'माझा जबाब मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.' आणि या वेळी खरोखरच सगळा मोठ्याने वाचून दाखवला. दादांनी सही केली. ते गेल्यावर साहेब एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी मध्ये बोलू नका, बाई." त्यातही राग असा नव्हता. दमलेलेच होते तेही.

दोन आठवड्यांनी निकाल आला. साक्षीदारांच्या सांगण्यात मेळ नाही, त्यामुळे उद्धट बोलल्याचं सिद्ध होत नाही. तरीही दादांना ताकीद मिळाली आणि मशीनवरून हलवून चादरींच्या घड्या घालायच्या खोलीत पाठवलं. मेट्रनना हे पटलं नाही, दादांना विचारलंच नाही.

कार्यालयात मात्र दुसऱ्याच वाक्याला पाय फुटले. चहाच्या वेळी हिशेबनीसबाई शेजारी येऊन बसल्या. "तुम्ही साहेबांना म्हणालात म्हणे, मला शिकवू नका, तुमच्या आधीपासून या खुर्चीत आहे मी?"

"नाही. अवतरणात घालू का, एवढंच विचारलं."

हिशेबनीसबाईंचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी शिपायाने ऐकलं होतं, की बाईंनी फाईल आपटली. तिसऱ्या दिवशी तीच फाईल साहेबांच्या अंगावर फेकली गेली होती. बाईंनी विचारायला आलेल्या चौघांना सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. पाचव्या वेळी तेवढं त्राण उरलं नव्हतं. "नाही," एवढंच त्या म्हणाल्या आणि कप धुवायला उठल्या.

महिन्याभराने लिफ्टपाशी दादा भेटले. त्यांच्या हातात घडी केलेल्या चादरींची छातीपर्यंत चळत होती.

"कशी आहे नवी जागा?" बाईंनी मोठ्याने विचारलं.

"शांत आहे," दादा ओरडूनच म्हणाले. "इतकी शांत की कानात नुसतं गुणगुणतं. गुडघे दुखतात उभं राहून." आभाराचं ते काही बोलले नाहीत, आणि बाईंनाही ती अपेक्षा नव्हती. मग दादांनीच विचारलं, "मी काय बोललो असेन हो त्या दिवशी? तुम्ही तर सगळ्यांचं ऐकलंत."

"मला नाही माहीत, दादा."

"मलाही नाही."

लिफ्ट वरच्या मजल्यावर कुठेतरी अडली होती. बाईंनी त्यांच्या हातातल्या निम्म्या चादरी घेतल्या आणि दोघं वाट बघत उभे राहिले.