रिकाम्या गॅलरीचा माइक

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. समालोचकाच्या हातात मिरवणारा नव्हे. प्रेक्षकांचा आवाज टिपायला गॅलरीच्या कठड्यावर बांधलेला. अंगावरच्या करड्या केसाळ आवरणामुळे मुले मला मुंगूस म्हणत.

नागपूरचा कबड्डी संघ नवा होता, तेव्हा त्याचे सामने एक स्थानिक वाहिनी दाखवी. बाहेरगावच्या लोकांना परतीची बस मिळावी म्हणून खेळ सायंकाळी लवकर सुरू होई. उमरेडहून चंपतराव येत आणि नेमके माझ्याखाली बसत. समोरचा खेळाडू चढाईला आला की त्यांची आरोळी उठे, "धर त्याले! सोडू नको गा!"

शेजारची पोरे चिडवत, "काका, मुंगसाले बहिरं करता काय?"

"घरी बायको टीव्हीवर आयकून राहिली ना! तिले समजते, बुढा जित्ता हाय."

तो आवाज घरोघरी पोचवताना मला अभिमान वाटे.

पुढे साऱ्या स्पर्धेचे हक्क एका मोठ्या वाहिनीने घेतले. जाहिरातींच्या सोयीने सामने उशिरा सुरू होऊ लागले. उमरेड-कामठीची माणसे मध्यंतरातच उठून जात. खुर्च्या ओस पडल्या. मग खर्च वाचवण्यासाठी वाहिनीने सगळ्याच संघांचे सामने दूरच्या एका बंद सभागृहात नेले. तिथे प्रेक्षकांना प्रवेशच नव्हता. नागपुरात उरली गॅलरीखालची एक खोली, मराठी समालोचन आणि आवाजाचे काम पाहणारा ऋषी.

त्याने मला खिळ्याला टांगले. मी टिपलेले आवाज मात्र त्याच्या संगणकात होते. तो बटण दाबी आणि पडद्यावरच्या रिकाम्या सभागृहात हजारो माणसे ओरडू लागत. त्यांतली काही आता या जगात नव्हती. ती कोणती, हे मला ऐकताच कळे.

एका दुपारी चंपतरावांच्या पत्नी पार्वतीबाई दारात उभ्या राहिल्या.

"बाबू, आवाजाचं काम तूच पाहतं काय?"

"हो काकू. काहून?"

"आमचे हे मांगच्या साली गेले. तरी सामन्यात वरडतात. मी आयकत होती, बरं वाटे. पण काल नागपूरच्या पोराले समोरच्यायनं धरलं, अन् हे वरडले, सोडू नको गा! ज्या संघासाठी जन्मभर घसा फोडला, त्याच्याच जिवावर उठवलं तुम्ही त्याइले?"

ऋषीची मान खाली गेली. "ज्याची पकड भारी, त्याच्यासाठी वाजवा, असा वरून हुकूम हाय काकू."

"मंग काढून टाक त्याइचा आवाज."

"नाही काढता येत. मैदानातले आवाजही करारात विकले गेले. नवीन भरणं तेवढं माह्या हातात हाय."

पार्वतीबाईंची नजर खिळ्याकडे गेली. मग त्यांनी माझ्याकडे बोट केले. "मंग माहा भर."

ऋषीने मला पुन्हा कठड्यावर बांधले. पार्वतीबाई रिकाम्या खुर्च्यांसमोर उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. बाजारात गप्पांत रमलेल्या नवऱ्याला बोलवावे, तशा म्हणाल्या, "अवो, झाला खेळ. चला आता घरी."

पुढच्या सामन्यात नागपूरचा खेळाडू पुन्हा पकडला गेला. ऋषीने बटण दाबले. गर्दी उसळली. त्या गदारोळात पार्वतीबाईंचे शब्द स्वच्छ उमटले. पाठोपाठ चंपतराव ओरडले, "सोडू..."

आणि मध्येच थांबले.

ऋषीने घाईने मूळ ध्वनिमुद्रण लावून पाहिले. आरोळीच्या जागी खुर्ची सरकल्याचा आवाज होता, मग पायऱ्या उतरत जाणारी पावले.

"हे म्या नाही भरलं गा," तो माझ्याकडे पाहून म्हणाला. खोलीत दुसरे कोणी नव्हते.

मीही टिपले नव्हते. एकदा ऐकलेले मी विसरत नाही. ती पावले माझ्यापाशी कधीच आली नव्हती.

ती आरोळी पुन्हा कधी वाजली नाही. पार्वतीबाई आता सामने लावत नाहीत, असे ऋषी सांगत होता.

मित्रांनो, माणसाचा आवाज जपून वापरा. तो ज्याच्या बाजूने निघाला, त्याच्याच बाजूला राहू द्या. बाकीचे प्रेक्षक अजून त्या संगणकात ओरडत आहेत, कधी याच्यासाठी, कधी त्याच्यासाठी. मी घेतलेले मला परत करता येत नाही. ते न्यायला घरचे माणूस यावे लागते.