निळ्या केसांची पोरगी

"ह्या पोरीले थायरॉइड हाय," टीव्हीकडे बघत ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "डोये पाह्य कसे बाहेर आले."

"मम्मी, अ‍ॅनिमे हाय तो, जपानी कार्टून. सगळ्याइचे डोये असेच असतात," मोनाली म्हणाली.

"मंग सगळ्याइलेच हाय."

ज्योत्स्नाबाई अकोल्याच्या एका दवाखान्यात नर्स. रविवारच्या सुटीत कूलरसमोर तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि लेकीनं जबरदस्तीनं पहिला भाग बघायला लावला होता. गोष्ट सोपी होती. शाळेतल्या चार मुली रॉक बँड काढतात आणि एकीलाही धड वाजवता येत नाही.

"केस निळे!" मोनालीच्या वडिलांनी, धर्मेंद्रभाऊंनी पेपर खाली केला. "बाप काई म्हनत नाई?"

"बाप दिसूनच नाई राहिला," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

"म्हनूनच!"

गिटारची तार तुटून एकीच्या बोटाला लागली. "धनुर्वाताचं इंजेक्शन घे म्हना तिले," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. मोनालीनं कपाळावर हात मारला.

मग ड्रमवाली निळी पोरगी वाजवता वाजवता चुकली. बाकीच्या तिघी पुढे निघून गेल्या, ती तशीच काड्या धरून बसली.

"ठेका सोडला तिनं," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. त्यांची बोटं तांदळाच्या ताटाच्या काठावर चालत होती.

"तुले कसं समजलं?"

"तुयी मम्मी ढोलकी वाजवे," पेपरमागून धर्मेंद्रभाऊ बोलले. "लग्नाच्या आंधी. पातूरच्या गायन पार्टीत."

मोनालीनं टीव्हीचा आवाज बंद केला. "मंग सोडली काहून?"

"आमच्या आईले नाई आवडे," धर्मेंद्रभाऊ म्हणाले.

"आईचं नाव नका घेऊ," ज्योत्स्नाबाई तांदळातला खडा काढत म्हणाल्या. "त्या बिचाऱ्या काईच नाई म्हनल्या. तुमी म्हनले होते, लोकं हासतीन." आणि लेकीला म्हणाल्या, "पुढचा भाग लाव. पोरीचं काय होते, पाहू दे."

धर्मेंद्रभाऊ उठले, चपला घातल्या आणि भर उन्हात बाहेर पडले. आले ते घामानं निथळत, काखेत ढोलकी घेऊन.

"भजनवाल्या श्रावनकडून आनली."

"बाप्पा! काहाले?"

"पाह्याले! टीव्हीतलं कितीक पाहावं?"

ज्योत्स्नाबाईंनी पदराला हात पुसले. पहिली थाप बद्द वाजली. दुसरी चुकली.

"तुयेबी केस निळे करू का?" मोनाली हसत म्हणाली.

"चूप बस." त्यांनी दोऱ्या ओढून घेतल्या, डोळे मिटले. हळूहळू बोटांना वाट सापडली. कूलरवरचा स्टीलचा पेला थरथरायला लागला. टीव्हीतल्या पोरी तोंडं उघडून आवाजाविनाच गात राहिल्या.

दारात शेजारच्या ललिताबाई येऊन उभ्या राहिल्या. "कोन वाजवून राहिलं बाई एवढं?"

ज्योत्स्नाबाईंचा हात थबकला.

"ज्योत्स्ना," धर्मेंद्रभाऊ म्हणाले. परक्यांसमोर त्यांनी बायकोचं नाव कधी घेतलं नव्हतं. आपल्या खुर्चीतला पेपर उचलून त्यांनी ललिताबाईंना बसायला लावलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले.

"थांबली काहून?" ते म्हणाले. "वाजव."