लोणारची मुकी लाइन

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते आणि तेवढ्यात लोणारची लाइन अकरा वेळा गेली होती. गेली म्हणजे तुटली नव्हती. तुटली असती तर मोतीरामला बरं वाटलं असतं. तुटलेली तार लोंबताना दिसते, माणूस खांबावर चढतो, जोडतो आणि घरी येऊन भाकर खातो. ही लाइन बोलता बोलता मुकी व्हायची. कधी दोन मिनिटांत, कधी अर्ध्या-पाऊण तासानं आपली आपणच पुन्हा बोलायला लागायची.

मोतीराम तालुक्याच्या टेलिफोन एक्सचेंजात लाइनमन होता. महाराष्ट्र राज्य होण्याच्या आधीपासून, म्हणजे मुंबई राज्य होतं आणि त्याआधी मध्यप्रदेश होता, तेव्हापासून तो याच लाइनीवर होता. तालुक्यापासून लोणारपर्यंत पंधरा मैल आणि तीनशे ऐंशी खांब. राज्यं बदलली तरी खांब तेच राहिले. मोतीरामचे गुडघे मात्र तेच राहिले नव्हते. पन्नाशी उलटली होती, आणि खांबावरून उतरल्यावर मिनिटभर खांबालाच धरून उभं राहावं लागे.

आठ दिवसांत त्यानं ती लाइन चार वेळा पायाखाली घातली. थोडं अंतर सायकलवर, थोडं पायी. प्रत्येक खांबाशी थांबायचं, मान वर करून तारा ज्यांना बांधलेल्या त्या चिनी मातीच्या पांढऱ्या वाट्या बघायच्या, कुठं तडा आहे का, कुठं फांदी टेकली आहे का. संशय आला की वर चढायचं. खांद्यावरच्या झोळीत तपासणीचा फोन असे. त्याचे चिमटे तारेला लावायचे आणि एक्सचेंजात बोर्डावर बसणाऱ्या ऑपरेटरला, रामरावाला, विचारायचं.

"मोतीरामभाऊ, एकदम साफ ऐकू येतं," रामराव म्हणायचा.

"लोणार लावून पाहा."

"लावलं. तेही साफ."

मग मोतीराम चिमटे काढायचा, उतरायचा आणि पुढच्या खांबाकडे चालू लागायचा. संध्याकाळी ऑफिसात पोचला की रामराव सांगायचा, "तुम्ही नवव्या मैलावरून पुढे गेलात अन् दहाव्या मिनिटाला परत गेली." डायरीत मोतीरामनं चारही दिवस एकच ओळ लिहिली होती, बिघाड आढळला नाही. वरच्या साहेबांनी त्या ओळींखाली लाल शाईनं रेघ मारून विचारलं होतं, मग लाइन जाते कशी?

पाचव्या फेरीच्या दिवशी सकाळी रामराव बोर्डापासून उठून बाहेर आला. तो सहसा उठत नसे.

"काल लोणारहून एक फोन आला होता," तो म्हणाला. "अर्जुनराव म्हणून आहेत, त्यांच्या सुनेचं बाळंतपण अडलं होतं. इथल्या दवाखान्यातून जीप पाठवा म्हणून सांगत होते. नाव सांगितलं, गल्ली सांगायला लागले अन् लाइन गेली. पाऊण तास मी नुसता घंटी देत होतो."

"मंग?"

"मग लागली. जीप गेली. सून वाचली, लेकरू नाही वाचलं." रामरावानं एकदा बोर्डाकडे वळून पाहिलं. "डॉक्टर म्हणाले, आधी पोचलो असतो तरी वाचलं असतं का, सांगता येत नाही."

मोतीरामनं झोळी उचलली आणि सायकलकडे गेला. मागच्या चाकात हवा नव्हती. पंक्चर काढत बसायचं त्याच्या जिवावर आलं. तो स्टँडवर गेला आणि लोणारच्या एसटीत बसला.

नवव्या मैलापाशी रस्ता टेकडीला वळसा घालतो आणि लाइन मात्र सरळ शेतांतून जाते. तिथं सत्यभामाबाई नावाच्या म्हातारीचं ज्वारीचं वावर होतं. पाऊणशे वर्षांची एकटी बाई, लेक दिलेली, नवरा गेलेला. दाणा भरायला लागल्यापासून ती दिवसभर माळ्यावर बसून पाखरं हाकायची. मोतीराम चारही फेऱ्यांत तिथं थांबला होता. खाकी कपडे रस्त्यावर दिसले की म्हातारी माळ्यावरून उतरायची, विहिरीवरचं पाणी आणि गुळाचा खडा द्यायची. तिच्या वावरात तीन खांब होते. ते मोतीरामनं बांधावरूनच पाहिले होते. उभ्या पिकातून जायचं तर ताटं मोडली असती, आणि वरच्या वाट्या तर लांबूनही धड दिसत होत्या.

रामरावाचं बोलणं आठवून आज त्यानं नवव्या मैलाशीच उतरायचं ठरवलं होतं; एसटीनं त्याला वावराच्या पलीकडे, वळणाच्या पुढे उतरवलं. इथून माळ्याचं नुसतं टोक दिसत होतं. त्यानं पहिलाच खांब धरला. वर चढून कमरेचा पट्टा आवळला, चिमटे लावले.

"रामराव, आज मी खाली उतरतच नाई. तुम्ही बोलत राहा."

"काय बोलू?"

"काईबी बोला. आवाज पाह्यजे."

रामराव बिचारा बोलत राहिला. बोर्डावर कुठले दिवे जुने झालेत, त्याच्या घरी काय शिजलं, बदलीचा अर्ज कुठं अडकला. मोतीराम खांबाला कवटाळून ऐकत होता. ऊन चढत होतं, पायाला मुंग्या येत होत्या. एका कानात रामराव होता आणि दुसऱ्या कानात ज्वारीची सळसळ.

मैनांचा एक मोठा थवा वावरावर उतरला. कुठंतरी डबे खडखडले. त्याच क्षणी रामरावाचा आवाज कापल्यासारखा बंद झाला.

"...म्हणून मी म्हटलं जाऊ द्या," रामराव परत आला.

डबे खडखडले. आवाज गेला. डबे थांबले आणि आवाज आला. मोतीरामनं हे सहा वेळा मोजलं. सातव्या वेळी डबे थांबले तरी आवाज आला नाही. पुढचा थवा येऊन डबे परत खडखडले, तेव्हा कुठं रामराव विचारताना ऐकू आला, "मोतीरामभाऊ, आहात का?"

"हाव," मोतीराम म्हणाला. "सापडलं."

आनंद व्हायला हवा होता. त्याला फक्त खाली बसावंसं वाटत होतं.

या खेपेला तो पिकात शिरला. मधल्या खांबाच्या अर्ध्यापर्यंत वेल चढला होता आणि त्याच्याआडून एक बारीक गंजकी तार वर गेली होती. कापसाच्या गाठी बांधतात तसली. माळ्यापासून खांबापर्यंत ती ओढलेली, तिला जागोजागी तेलाचे रिकामे डबे. बांधणाऱ्यानं ती वरच्या आडव्या पट्टीला गुंडाळली होती आणि वीतभर शेपूट तसंच सोडलं होतं. माळ्यावरून हिसका बसला की ते शेपूट उडून टेलिफोनच्या तारेला लागायचं आणि सगळं बोलणं लोखंडी खांबातून जमिनीत जायचं. कधी ते तारेवरच अडकून बसायचं, पुढच्या हिसक्यापर्यंत. आणि मोतीराम दिसला की म्हातारी तार सोडून पाणी आणायला उतरायची, म्हणून तो असताना डबे कधी वाजलेच नव्हते.

सत्यभामाबाई ताटं बाजूला सारत आली. "काऊन रे बापू, आज इकडून? अन् पिकात काऊन शिरला?"

"माय, ही तार कोनं बांधली?"

"जावयानं. दिवाळीले आला होता. सुंभाची दोरी उंदरं कुरतडून टाकत होती, म्हनून त्यानं तार आनली. खांब मजबूत आहे म्हने." तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "का झालं? काई चुकलं का बापू?"

"हिच्यानं फोन बंद पडून राह्यला."

तिला ते समजायला वेळ लागला. तिनं आयुष्यात फोन पाहिला नव्हता. ती एकदा तारेकडे, एकदा डब्यांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "कोनाचं नुकसान तं नाई झालं ना?"

सरकारी खांबाला तार बांधणं हा गुन्हा होता. जबाब, पंचनामा, सगळं लिहून द्यायचा त्याला हुकूम होता. त्यातलं काहीही त्या वेळी मोतीरामच्या मनात नव्हतं. तिच्या हातातला तांब्या तेवढा त्याला दिसत होता. घाईत ती तो घेऊनच आली होती.

"नाई माय," तो म्हणाला. "कोनाचं नाई."

तो खांबावर चढला, तार सोडवली आणि गुंडाळून खाली टाकली. मग बांधावरच्या बाभळीची एक सरळ फांदी तोडली आणि म्हातारीच्याच कुदळीनं खड्डा खणून खांबापासून चांगली दूर गाडली. तार त्या बल्लीला बांधून दिली. या कामात दीड तास गेला. म्हातारीनं वर जाऊन एकदा ओढून पाहिलं. डबे वाजले. मोतीरामनं चिमटे लावले. रामराव म्हणाला, साफ आहे. दोनदा, चारदा ओढायला लावलं, तरी साफ.

डायरीत त्यानं लिहिलं, नवव्या मैलाजवळ बाहेरची तार खांबास लागत होती, काढून टाकली. कोणाची तार, ते लिहिलं नाही.

शेवटची तपासणी लोणारच्या टोकाला करायची असते, म्हणून तो दुपारच्या एसटीनं पुढे गेला. पोस्टातलं काम आटोपून बाहेर आला तेव्हा पायरीवर साठीचा एक गृहस्थ उभा होता. डोक्याला पांढरा रुमाल, दाढी वाढलेली.

"तुम्हीच लाइनीचे का?" त्यानं विचारलं. "मी अर्जुनराव."

मोतीरामनं मान हलवली.

"सुरू झाली?"

"झाली."

"मी कार्ड टाकाले आलो होतो. व्याह्याले कळवाचं आहे." अर्जुनरावांनी हातातलं कार्ड उलटं केलं, परत सरळ केलं. "का झालं होतं लाइनीले?"

मोतीराम सकाळी एकदा खोटं बोलला होता. परत बोलायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

"वावरातली तार होती. पाखरं हाकाची. खांबाले बांधली होती, लाइनीले लागत होती."

"कोनाची?"

पोस्टातला शिक्का ठप ठप वाजत होता. मोतीराम पायरीकडे बघत राहिला.

"त्याईले मालूम नव्हतं," तो शेवटी म्हणाला. "मलेबी नव्हतं. मी चार डाव तिथून गेलो, पन पिकात शिरलो नाई."

अर्जुनरावांनी ते कार्ड पेटीत टाकलं आणि रस्त्यापलीकडच्या हॉटेलाकडे पाहिलं.

"किती चाललात आज?"

"मोजलं नाई."

"बसा घडीभर," ते म्हणाले. "एसटीले वेळ आहे. च्या घेऊ."

मोतीरामला नको म्हणायचं होतं. पण पाय आधीच त्या बाकड्याकडे निघाले होते. तो बसला. अर्जुनराव त्याच्या शेजारी बसले आणि चहा येईपर्यंत दोघं रस्त्याकडे बघत राहिले.