देवाचा भोपळा

उदगीरच्या चर्चमध्ये कापणीच्या उपकारस्तुतीला पूर्वी माणसं पैशांची पाकिटं आणत नसत, बैलगाड्या आणत. हे दयानंदआबा शपथेवर सांगायचे. ज्वारीच्या कणसांनी वेदी अशी झाकून जायची की पाळकसाहेब नुसते ऐकू यायचे, दिसायचे नाहीत. अर्पणातले कोंबडे प्रार्थनेत बांग द्यायचे, अन् तीही बरोबर आमेनच्या जागी. एका साली तर नीलाबाईचा भोपळा आत जाईना म्हणून दाराची चौकट काढावी लागली. खरं तर चौकट जुनीच होती, जागची हललेली नव्हती. पण आबांना कोणी खोटं पाडत नसे, कारण नीलाबाई, त्यांची बायको, शेजारी बसून मान डोलवायची.

तिची एक पद्धत होती. परसातल्या वेलावरचा पहिला भोपळा नारळाएवढा झाला की बाभळीच्या काट्यानं त्याच्या कोवळ्या सालीवर ती ओरखडायची, ‘देवाचा’. भोपळा वाढायचा तशी अक्षरंही वाढायची, वाळून पांढरी पडायची. मग घरात कितीही नड असो, त्याला हात लावायची बिशाद नव्हती. तो उपकारस्तुतीला वेदीपुढं जायचा आणि त्याच दुपारी शिजून सगळ्या मंडळीच्या पंगतीत.

यंदा पोळ्याच्या आठवड्यात नीलाबाई गेली. त्याआधी दोनच दिवस तिनं भोपळ्यावर लिहिलं होतं. आता तो घागरीएवढा झाला होता आणि तिच्या हाताचं अक्षर म्हणून घरात तेवढंच उरलं होतं. आबांनी तो तोडून खाटेखाली ठेवला. रोज सकाळी त्या अक्षरांवरून बोट फिरवायचे.

उपकारस्तुतीच्या दिवशी त्यांनी मकबूलच्या भाजीच्या गाड्यावरून तेवढाच भोपळा घेतला, खिळ्यानं त्यावर ‘देवाचा’ कोरलं आणि वेदीपुढं नेऊन ठेवला.

खुळेपणाच तो. आज कोरलेलं अक्षर आजच कसं वाळेल? उपासना संपून भोपळा लिंबाखाली चिरायला आला, तेव्हा नीलाबाईची थोरली बहीण कोंडाबाई त्याच्याकडं बघतच राहिली. अक्षरांतून पाणी ठिबकत होतं.

“दाजी, ह्याला घाम सुटलाय.”

“गरमी हाय, अक्का.”

“मार्गशीर्षात?”

आबांकडं उत्तर तयार होतं. “अब्राहाम पोराला अर्पायला निघाला, तर देवानं आभाळातून हाक मारून पोराच्या जागी मेंढरू चालवून घेतलं का न्हाई? झुडपात अडकलेलं. मला मकबूलच्या गाड्यावर अडकलेला घावला.”

बायका हसल्या. कोंडाबाईही हसली. मग म्हणाली, “मेंढरू देवानं धाडलं होतं. अब्राहामानं बाजारातून आणून ठेवलं नव्हतं. अन् आधी सुरी पोरावर उचलली होती त्यानं. तुमी कुठं उचलली?”

“तिचं अक्षर हाय ते,” आबा हळू म्हणाले. “दुसरं काय न्हाई माझ्यापाशी.”

“मग ठेवा. कोणी हिसकून नेत न्हाई. पर रोज बोट फिरवता तवा वाचता काय?”

आबा घराकडं वळले. घर चर्चच्या मागंच होतं. गेले आणि खांद्यावर भोपळा घेऊन आले. कोंडाबाईनं सुरी पुढं केली. त्यांनी ती उचलली आणि अंमळ थांबले. आभाळातून कोणी हाक मारली नाही.

“फोडी बारीक करा,” कोंडाबाई म्हणाली, “साल निबर झालीय.”

आबांनी बारीक केल्या.

पंगतीत भाजी वाढायचा मान दरवर्षी नीलाबाईचा. यंदा बादली कोणी उचलावी म्हणून बायका एकमेकींकडं पाहत होत्या, तोवर आबांनीच उचलली. अर्ध्या पंगतीपर्यंत ते एकेक फोड मोजून वाढत होते. मग जो तो मागायला लागला, “आबा, इकडं, अजून घाला,” आणि आबा मोजायचं विसरले.