पेट्यांच्या आणि पट्ट्याच्या मध्ये

चाकणच्या त्या कारखान्यात आम्रपाली सात वर्षं सुपरवायझर होती आणि इंग्रजी फॉर्म भरणं तिच्या हातचा मळ होता. मंगळवारी मात्र पहिली शिफ्ट सुटायच्या वेळी मॅनेजर उद्धवरावांनी अपघाताचा फॉर्म पुढ्यात टाकला, आणि ती एका रकान्यापाशी अडली.

सकाळी माल उचलायची फोर्कलिफ्ट वळताना तिचा पुढचा काटा कामगार ज्योतीरामच्या पायावर बसला होता. नडगीचं हाड मोडलं. फॉर्ममध्ये विचारलं होतं, त्या वेळी कामगार जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या कोणत्या बाजूला होता? पट्ट्याच्या आत फोर्कलिफ्टचा रस्ता, बाहेर माणसांची वाट.

"इनसाइड लिहा," उद्धवराव म्हणाले. "नियम मोडला, विषय संपला."

आत म्हटलं की चूक ज्योतीरामची. कंत्राटी माणूस तो, त्याला परत कोण घेतंय? आउटसाइड म्हटलं की चूक नवनाथची, फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याची. तोही कंत्राटीच. तो दारात येऊन कधीचा उभा होता.

"ताई, नुसतं निअर लिहा की. जवळ होता म्हणायचं. कुणाचंच काही जात नाही त्यात."

तिनं निअर लिहिलं, खोडलं. बिसाइड लिहिलं, तेही खोडलं. पहाटे साडेचारला उठलेली बाई, आता डोळे चुरचुरत होते. अपघात तिनं पाहिला नव्हता. आरडाओरडा ऐकून पोचली तोवर ज्योतीरामला उचलून बाजूला ठेवलेलं होतं. शेवटी फॉर्म पर्समध्ये घातला आणि ती पिंपरीला दवाखान्यात गेली.

ज्योतीरामचा पाय प्लास्टरमध्ये होता. धाराशिवकडचा माणूस, तिला बघून उठायला लागला.

"पडून रहा हो. एवढंच सांगा, पट्ट्याच्या आत होता का बाहेर?"

"आत नव्हतो मॅडम. बाहेर म्हणावं तर बाहेर जागाच कुठं हाय? मी मधी व्हतो."

"कशाच्या मधे?"

"पेट्यांच्या आन् पट्ट्याच्या. महिना झाला, माणसांच्या वाटेवर पेट्याच रचल्यात. अंग चोरून जावं लागतं. वळताना नवनाथलाबी पेट्यांआड माणूस दिसत नाय."

 त्या पेट्यांना वळसा घालून आम्रपालीही रोज जात होती.

दुसऱ्या दिवशी तिनं टेप लावली. पेट्या आणि पट्टा यांच्यात सव्वा फूट जागा होती. मोबाइलवर फोटो काढला आणि रकान्यात लिहिलं, 'बिट्वीन'. खाली कशाच्या मधे ते, पेट्या आणि पट्टा, आणि मधल्या जागेचं माप.

उद्धवरावांनी फॉर्म दोनदा वाचला. पेट्या त्यांनीच ठेवायला सांगितल्या होत्या. गोदाम भरलं होतं आणि वरून माल येतच होता. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. तेही दमलेले दिसत होते.

"बिट्वीन म्हटलं की चूक माझी होते, आम्रपाली."

"हो सर."

"निअर चाललं असतं. खोटं नव्हतं ते."

"खोटं नव्हतं सर. पण निअर लिहिलं असतं तर पेट्या दिसल्याच नसत्या, आणि चूक शेवटी त्या दोघांपैकी एकाच्या माथी मारून त्याला घालवलं असतंच ना?"

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग खाली सही केली आणि फॉर्म ट्रेमध्ये टाकला.

त्याच दुपारी पेट्या हलल्या. पुढच्या आठवड्यात उद्धवरावांना वरून लेखी विचारणा आली. नवनाथचं काम राहिलं. ज्योतीरामला तीन महिन्यांनी परत घेतलं, बसून करायच्या कामावर. आम्रपालीची बदली स्टोअरला झाली. कारण कुणी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. तिथं काम कमी होतं. पहिले काही दिवस जेवणाच्या सुट्टीत ती टेबलावर डोकं ठेवून गाढ झोपायची.